येळवस, वही आणि दहा हजारांचा कागद

२०२२ च्या उन्हाळ्यात लातूरला सकारात्मक विचारांवर एक व्याख्यान होते आणि एका मित्राने आग्रह केला म्हणून मी दुकान बंद ठेवून त्याला गेलो होतो. शेवटी व्याख्यात्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद दिला आणि वर्षभरात जे मिळवायचे आहे ते जणू मिळालेच आहे अशा भाषेत लिहायला सांगितले. मी लिहिले, 'माझे सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलने विकले गेले आहे.' घरी आल्यावर तो कागद दुकानातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि रोज सकाळी शटर उघडून उदबत्ती लावली की तो एकदा वाचायचा, असा नेम धरला.

हा आकडा मी हवेतून आणलेला नव्हता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा खरोखरच ओलांडला होता. आमच्या भागातल्या बहुतेक शेतकऱ्यांचा माल तोवर केव्हाच विकून झाला होता, त्यामुळे तो भाव आम्ही पाहिला तो फक्त मोबाइलवर. पण हातात न आलेला भाव हातात आलेल्या भावापेक्षा जास्त काळ मनात राहतो, हे मला पुढे कळले.

औसा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझे छोटेसे कृषी सेवा केंद्र आहे आणि घरची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. २०२२ च्या खरिपात एकरी सात क्विंटलच्या आसपास उतारा पडून ५० क्विंटल सोयाबीन घरात आले. दिवाळीनंतर भाव ५,६०० रुपये होता. त्याच वर्षी थोरल्या मुलीला 'नीट'च्या शिकवणीसाठी लातूरला ठेवले होते. शिकवणीचे शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ मिळून जे लागत होते त्यासाठी मी ओळखीतल्या एका माणसाकडून तीन रुपये शेकड्याने दोन लाख रुपये उचलले होते. तीन रुपये शेकडा हे ऐकायला किरकोळ वाटते, पण ते महिन्याचे असते. वर्षाचे ते ३६ टक्के होतात आणि दोन लाखांवर दर महिन्याला ६,००० रुपये व्याज निघते.

नोव्हेंबरमध्ये माल विकला असता तर २,८०,००० रुपये आले असते, कर्ज मुद्दलासह फिटले असते आणि वर ८०,००० रुपये हातात उरले असते. मी विकला नाही. पत्नीने दोनदा विचारले, तेव्हा मी तिला सांगितले की आपण कमी भावाचा विचारच मनात आणायचा नाही, मन जसे धरेल तसेच घडते. आठ महिने पोती घरात राहिली. जुलै २०२३ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, हातात दमडी नाही म्हणून ती काढावी लागली तेव्हा वाळून, सांडून आणि उंदरांनी खाऊन ५० क्विंटलचे ४८ झाले होते आणि भाव ४,८०० वर आला होता. पट्टी आली २,३०,४०० रुपयांची. म्हणजे मालात ४९,६०० रुपये गेले, आठ महिन्यांचे व्याज ४८,००० रुपये गेले, आणि एका कागदावर लिहिलेल्या वाक्यापायी माझ्या घराचे ९७,६०० रुपये बुडाले.

मी हे सगळे आकड्यांसह लिहितो आहे, कारण सकारात्मक विचारसरणीवर आपल्याकडे जे बोलले जाते त्यात आकडे जवळजवळ नसतातच. मी आजही निराशेच्या बाजूचा नाही. मृग बरसण्याआधी उधारीवर बियाणे घेणारा शेतकरी निराशावादी असूच शकत नाही, आणि असे शेकडो लोक दर जूनमध्ये माझ्या काउंटरपाशी उभे असतात. मला एवढेच म्हणायचे आहे की मी ज्याला सकारात्मक विचार म्हणत होतो तो विचार नव्हता. विचार करण्याचे टाळणे होते.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला एक सिद्धांत मला या व्यवहारानंतर वाचायला मिळाला. कानेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनाने धरलेल्या एका ठिकाणापासून मोजतो, आणि त्या ठिकाणाच्या खाली आलेले प्रत्येक पाऊल त्याला तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट बोचते, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मनाने धरलेले ठिकाण दहा हजार होते. त्यामुळे ५,६०० हा भाव त्या वर्षीच्या ४,३०० रुपयांच्या हमीभावापेक्षा चांगला वर असूनही मला तो ४,४०० रुपयांचा तोटा वाटत होता. रोज सकाळी उदबत्तीबरोबर मी तोच आकडा मनात आणखी घट्ट रोवत होतो. ज्या कागदाने मला धीर द्यायचा, त्यानेच मला बांधून ठेवले होते.

याहून खेदाची गोष्ट अशी की थांबायचेच होते तर स्वस्तात थांबता आले असते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. जी बाजार समिती ती राबवते तिच्या गोदामात माल ठेवला तर बाजारभाव किंवा हमीभाव यांपैकी कमी असेल त्या दराने होणाऱ्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी कर्ज मिळते आणि त्याचे व्याज वर्षाला सहा टक्के असते. त्या वर्षीच्या हमीभावाने माझ्या मालावर दीड लाखाच्या वर रक्कम मिळण्यासारखी होती. छत्तीस टक्क्यांचे बहुतेक कर्ज सहा टक्क्यांवर आणता आले असते आणि भाव वाढण्याची आशाही तशीच ठेवता आली असती. पण मी चौकशीच केली नाही, कारण चौकशी करायची म्हणजे भाव वाढणार नाही ही शक्यता मान्य करायची, आणि मला वाटत होते की तसे मान्य करणे हाच अपशकुन आहे.

गल्ल्याच्या खाली माझ्या दुकानात एक ड्रॉवर आहे. त्या वर्षभरात बँकेची पत्रे, कंपनीच्या बिलांची थकबाकी, विम्याची स्मरणपत्रे, सगळे मी त्यात न उघडता टाकत असे. बाजार पडत असला की गुंतवणूकदार आपले खाते उघडून पाहण्याचेच कमी करतात, हे अभ्यासकांनी खात्यांच्या नोंदींवरून दाखवून दिले आहे. आपल्याकडे ते दाखवायला अभ्यासकाची गरज नाही. प्रत्येक घरात असा एक ड्रॉवर, एक पिशवी किंवा गादीखालची एक जागा असते.

सोयाबीन विकले त्या रात्रीची गोष्ट. जेवणे झाली होती, आई ओसरीवर झोपली होती. पत्नी तिच्या बचत गटाची वही घेऊन बसली होती. बारा बायकांचा गट आहे आणि वही तिच्याकडे असते. तिने ती मिटली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, एकदा सगळे कागद काढा की. मी ओरडणार नाही. नुसती बेरीज करू." मी ड्रॉवर आणून पलंगावर उपडा केला. तिने पत्रे एकेक करून उघडली, चपातीसारखी हाताने सपाट केली आणि तीन ढीग लावले: द्यायचे, घ्यायचे आणि कळत नाही असे. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तिने बेरीज मांडली. गटाच्या हिशेबासारखीच, आकड्याखाली आकडा, हातचा वर बारीक लिहिलेला. पहाटे दीडच्या सुमारास बेरीज झाली. देणे ४,१२,००० होते. मी मनात साडेसहा-सात लाख धरून बसलो होतो. लोकांकडून येणे असलेली उधारी मी दीड लाख समजत होतो, ती २,८६,००० निघाली. मी वर्षभर ज्याला घाबरत होतो तो आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा होता. त्या रात्री मला गाढ झोप लागली, आणि ती कुठल्याही व्याख्यानाने लागली नव्हती.

बचत गटांना पंचसूत्री शिकवली जाते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. या पाचांत 'सकारात्मक राहा' असे कुठेही नाही. तरीही दहा वर्षांपूर्वी बँकेच्या पायरीवर पदर सावरत उभ्या राहणाऱ्या या बायका आज शाखाधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसून कर्जाची मुदत ठरवतात. आधी आत्मविश्वास आला आणि मग वही आली, असे इथे झालेले नाही. वही आधी आली.

लातूरच्या पाण्याची आठवण इथे येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, हे देशभर गाजले. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारले असते तर तिने घरात रोज किती घागरी लागतात, त्यांतल्या पिण्याच्या किती, वापरण्याच्या किती आणि जनावरांच्या किती, हे झोपेतही सांगितले असते. पाणी मोजणाऱ्याला कोणी नकारात्मक म्हटले नाही. उलट जी बाई मोजत होती तिच्याच घरी पाव्हण्याला तांब्याभर पाणी मिळत होते. पैशाच्या बाबतीत मात्र मोजणे म्हणजे कद्रूपणा आणि न मोजणे म्हणजे दिलदारी, असे आपण का मानतो, हे मला उमगत नाही.

आता दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून जो उपदेश केला जातो त्याचा मला मनस्वी राग येतो. 'गरिबी ही मानसिकता आहे' हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांना बुद्धीला ताण देणारी तीच ती कोडी दोन वेळा घातली: एकदा तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसे तीच होती. पैसे आल्यावर तीच माणसे ती कोडी स्पष्टपणे चांगली सोडवत होती. तंगीत असलेल्या माणसाची बुद्धी कमी झालेली नसते. उद्याचे दूध, परवाचा हप्ता, शाळेची फी या विवंचनांनी ती अडवून ठेवलेली असते आणि बाकीच्या कामांसाठी थोडीच शिल्लक राहते.

हे वाचले तेव्हा मला माझ्या दुकानातला जून आठवला. पाऊस पडून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलेला असतो, बियाण्याच्या पिशव्या भराभर संपत असतात, आणि एरवी बैल घेताना चार बाजार पालथे घालणारा, दातांवरून वय सांगणारा हुशार माणूस किंमत न विचारता म्हणतो, "लिहा वहीत, औंदा पाऊस बरा हाय." तो बेफिकीर नसतो. त्याच्या डोक्यात त्या क्षणी दहा गोष्टी एकदम चाललेल्या असतात. त्याला कोणी 'विचार बदला म्हणजे परिस्थिती बदलेल' असे सांगितले तर तो मान हलवेल, पण पिशवीची किंमत त्या दिवशीही विचारणार नाही. परिस्थिती आधी विचारांना धरते. पोटात आणि खिशात थोडी मोकळीक असेल तरच माणूस विचारांना धरू शकतो.

यातून आम्ही घरापुरती एक गोष्ट ठरवली आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यातली तीच सगळ्यात उपयोगाची आहे. जूनमध्ये कोणताही मोठा आर्थिक निर्णय घ्यायचा नाही. वर्षाचे निर्णय येळवसीच्या आठवड्यात घ्यायचे. लातूर आणि धाराशिव भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडे गाव ओस पडते आणि शेते भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे, खीर असा स्वयंपाक डोक्यावरून शेतात जातो आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावले जाते. खरिपाचे पैसे आलेले असतात, ज्वारी-हरभरा उभा असतो, ऊन कोवळे असते. वर्षभरात मन इतके निवांत दुसऱ्या कुठल्याच दिवशी नसते. मग पुढच्या जूनचे बियाणे किती, मुलांची फी किती, कुठले कर्ज कधी फेडायचे, हे त्या दिवसांत ठरवून लिहून ठेवायचे आणि जूनमध्ये डोके न चालवता फक्त लिहिलेले अमलात आणायचे.

वडिलांना, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, हे कोणत्याही संशोधनाशिवाय ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळात ते बावीस वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर त्यांनी माती वाहिली होती, सुकडी आणि मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन दिवस काढले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचेही माळवदाचे घर अर्धे खाली आले. माणसे वाचली, बाकी पुष्कळसे दगडामातीत गेले. त्या ढिगाऱ्यासमोर उभे असताना त्यांनी पहिल्यांदा आकाशाकडे पाहून हात जोडले आणि दुसरी गोष्ट म्हणजे कोपरीच्या खिशातून पोस्टाचे पासबुक काढून उघडून पाहिले. आतल्या रकमेने घर बांधून होणार नव्हते, पण रब्बीची पेरणी होणार होती, आणि ती त्यांनी केली.

तात्या प्रत्येक खरिपात पेरणीच्या खर्चाएवढीच आणखी रक्कम बाजूला ठेवत आणि तिला 'दुबार' म्हणत. दुबार पेरणी करावी लागलीच नाही तर ती रक्कम दिवाळीला पोस्टात जाई. मला तरुणपणी वाटे की हा माणूस पेरतानाच अपयश गृहीत धरतो. आता वाटते की मी पाहिलेला सर्वांत आशावादी माणूस तोच होता. पाऊस दगा देईल हे त्याने मान्य केलेले होते, आणि दगा दिल्यावरही आपण पुन्हा पेरणार आहोत हेही त्याने त्याच दिवशी ठरवलेले होते.

गॅब्रिएल एटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम मला तात्यांच्या 'दुबार'च्या अगदी जवळचे वाटते. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींचा त्यांनी दोन वर्षे माग ठेवला. आपल्याला नोकरी मिळेल असा अनुभवावर आधारलेला अंदाज ज्यांना होता, त्यांचे पुढे चांगले झाले. पण नोकरी मिळाल्याची गोड चित्रे जी मुले जास्त रंगवत होती, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. मनात फळ आधीच चाखून झाले की हात ढिले पडतात, असा याचा अर्थ मी लावतो. त्यांचा उपाय असा की हवे ते मनात आणावे आणि लगेच त्याच्या आड येणारी आपल्यातली अडचण शोधावी. पीटर गोल्विट्झर यांनी त्याला जोड दिली आहे ती 'असे झाले तर मी असे करीन' या वाक्याची.

आमच्या वहीत आता अशी वाक्ये आहेत. 'सोयाबीन घरात आले की पंधरा दिवसांत देण्यापुरते विकायचे, मग भाव कितीही असो.' 'उरलेले संक्रांतीपर्यंत ठेवायचे, त्यापुढे नाही.' 'उधारी वीस हजारांच्या वर गेलेल्या गिऱ्हाइकाला पुढची पिशवी देण्याआधी घरी जाऊन बोलायचे.' शेवटचे वाक्य लिहायला सोपे आणि पाळायला फार जड आहे, कारण ती सगळी नात्यागोत्यातली माणसे आहेत. दुबारसाठी निराळे बचत खाते आहे आणि त्या खात्याला फोनपे मुद्दामच जोडलेले नाही.

आशा कशी महाग पडते याची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. पहिले कर्जमाफीचे. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या माफ्या आपण पाहिल्या आणि नापिकीत बुडालेल्या माणसाला त्या मिळायलाच हव्या होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्याकडे भरायला पैसे आहेत तोही 'होईल माफ' म्हणून पीक कर्ज थकवतो, तेव्हा मुदतीत फेडल्यास तीन लाखांपर्यंत शून्यावर येणारे व्याज त्याला भरावे लागते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होते आणि पुढच्या वर्षी बँकेचे दार बंद झाले की तो तीन रुपये शेकड्याच्या दारात जातो. मीही एक वर्ष थकवले होते.

दुसरे उदाहरण मला लिहायला जड जाते. २०१८ मध्ये तात्या गेले. त्यांनी पोस्टात ठेवलेले तीन लाख रुपये आईच्या नावावर झाले आणि ते सात-साडेसात टक्क्यांवरून काढून एका पतसंस्थेत बारा टक्क्यांनी ठेवायला मीच आईला सांगितले. सगळे ठेवत होते. चांगलेच होणार असे मन सांगत होते. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, एवढी साधी गोष्ट मी नंतरही विचारून घेतली नाही. २०२३ मध्ये संस्थेने पैसे देणे थांबवले. आईने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही.

घरातल्या बोलण्यात मात्र फरक पडला आहे आणि त्याला मी मनाची घडण म्हणेन. 'आपल्याला परवडत नाही' हे वाक्य मुलांसमोर उच्चारायचे नाही असे एकेकाळी मी ठरवले होते, कारण त्याने म्हणे दारिद्र्य येते. आता आम्ही सरळ सांगतो की या वर्षी एवढे आहेत, त्यातून हे होईल आणि हे होणार नाही. थोरलीला 'नीट'मध्ये वैद्यकीयला लागतील एवढे गुण पडले नाहीत. त्या आठवड्यात तिला कोणी 'सगळे छान होईल' म्हणाले असते तर तिने दार लावून घेतले असते. आम्ही तिघे वही घेऊन बसलो, पुन्हा एक वर्ष शिकवणी लावली तर काय आणि नर्सिंगला गेली तर काय, दोन्ही बाजूंचा खर्च समोर मांडला. निर्णय तिने घेतला. आज ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आली की माझी उधारीची वही तपासते.

२०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. सोयाबीन शेंगांत भरत असताना पावसाने जे धरले ते सोडलेच नाही. माझ्या शेतात तीन दिवस गुडघाभर पाणी उभे होते, सात एकरांतून जेमतेम १७ क्विंटल काळपट माल निघाला आणि ५,३२८ रुपयांचा हमीभाव त्या मालाला कोण देणार होते? दुकानाची वसुली तर विचारूच नका. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, आणि धीर धरा म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी पत्नीने दुबारच्या खात्याचे पासबुक भरून आणले. त्यात ४१,३०० रुपये होते. वापसा यायला वेळ लागला, पण हरभऱ्याची पेरणी रोखीने झाली, कुणाच्याही दारात न जाता.

यंदाच्या येळवसीला तो हरभरा वीतभर झाला होता. जेवणे झाल्यावर कोपीजवळ सतरंजी टाकून आम्ही वही उघडली. कपाटाला चिकटवलेला दहा हजारांचा कागद मी अजून काढलेला नाही. त्याच्याखाली पत्नीने तिच्या अक्षरात त्या वर्षीची वजाबाकी लिहून ठेवली आहे आणि मी रोज सकाळी दोन्ही वाचतो. थोरली आकडे वाचत होती, पत्नी लिहीत होती. येणे असलेल्या रकमांच्या यादीत शेवटी आईच्या तीन लाखांची ओळ आली. आई भज्जीचे भांडे घासत होती, ती थांबली आणि तिने दरवर्षीसारखेच विचारले, "तात्याच्या पैशाचं काय झालं रे लेकरा?" मी सांगितले की तक्रार दिलेली आहे, ठेवीदारांच्या यादीत आपले नाव आहे आणि पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा भांड्याला लागली. पत्नीने त्या ओळीसमोर रक्कम लिहिली नाही. तिथे तारीख लिहिली आणि पान उलटले.